धोंडूमिस्त्रींचा कान

“असा पिस्टन कधी पाहिलायत का?” शर्मिलाने कटरमधून काढलेला पिस्टन श्यामच्या नाकासमोर धरला. “हे उभे ओरखडे बघा. ऑइल न घालता नुसत्या पेट्रोलवर चालवलाय कुणीतरी. ताकद येणार कुठून? पिस्टन आणि सिलिंडर, दोन्ही नवीन घालावे लागतील.”

श्यामने पिस्टन पाहिला. मग तिच्याकडे न बघता, दुकानाबाहेर खुर्चीवर बसलेल्या तिच्या वडिलांकडे, नानांकडे मान वळवून विचारलं, “काय करायचं मग, मिस्त्री?”

“होऊन जाईल,” नाना म्हणाले.

शर्मिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही आग काही आजची नव्हती. दिवसातून दोन-तीनदा तरी तिचा हा प्रवास व्हायचा. गिऱ्हाईक यायचं, बोलणं तिच्याशी व्हायचं, हात काळे तिचे व्हायचे आणि प्रश्न मात्र जायचा खुर्चीकडे. खुर्चीचं उत्तर ठरलेलं. गाडी बंद पडली असो, मशीन पेटत नसो, नाहीतर कुणी नुसतं ‘जेवण झालं का’ विचारलेलं असो, नाना म्हणायचे, होऊन जाईल. आणि गिऱ्हाईक असं खूश होऊन जायचं की जणू झालंच.

श्याम बिबवेवाडीचा. सोसायट्यांमधली वाळलेली, पार्किंगवर वाकलेली झाडं परवानगी काढून उतरवून देणं हा त्याचा धंदा. झाडं कापायचं मशीन, ज्याला ह्या धंद्यातली माणसं नुसतं कटर म्हणतात, ते त्याने जुन्या बाजारातून सेकंडहँड उचललं होतं. हवेत बरं चालायचं आणि लाकडात घातलं की मान टाकायचं. मग कुणीतरी त्याला सांगितलं, कसबा पेठेत जा, लुनावाले धोंडूमिस्त्री आहेत, टू-स्ट्रोकचा देव माणूस.

देव माणूस खरंच होता एके काळी, हे शर्मिलाही नाकारत नसे. पुण्यात घरटी लुना होती तेव्हा धोंडूमिस्त्री बोळाच्या तोंडाशी येणारी गाडी न बघता सांगायचे की ही कुणाची आणि हिला काय झालंय. लोक त्यांच्या हाताचं नाही, कानाचं कौतुक करायचे. पुढे लुना गेल्या, जुन्या स्कूटरी गेल्या, टू-स्ट्रोक इंजिन शहरातून हद्दपार झालं. राहिलं ते फक्त कटरमध्ये, गवत कापायच्या मशीनमध्ये आणि डासांसाठी धूर सोडतात त्या यंत्रांत. ही मशीनं दुकानात यायला लागली तोवर नानांचे गुडघे गेले होते आणि काम शर्मिलाच्या हातात आलं होतं. रोज सकाळी नवरा-पोरांचे डबे भरून ती विश्रांतवाडीहून स्कूटरवर यायची आणि दिवे लागले की परत जायची. पाटीवर नाव नानांचं. त्याला तिची हरकत नव्हती. पाटी जुनी होती.

हरकत कानाची होती, कारण कानही गेला होता.

तो एकदम गेला नाही. आधी वरचे सूर गेले. जाड आवाज ऐकू यायचे, बारीक नाही. पुरुषांचं बोलणं कळायचं, बायकांचं नाही. म्हणजे झालं असं की जगात नानांना सगळ्यात आधी ऐकू येईनाशी झाली ती शर्मिला. कितीतरी दिवस तिला वाटत होतं की म्हातारा मुद्दाम दुर्लक्ष करतोय. पूर्वी ऐकू येत होतं तेव्हा तरी कुठे फार ऐकायचे, म्हणून शंकाही आली नाही. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर नाना भडकले. “माझ्या कानाला काय झालंय? कान गेला तर धोंडू गेला.” त्यानंतर तिने विषय काढला नाही.

पण मशीन तयार झालं की शेवटचा हात नानांचाच. गिऱ्हाइकांना तोच हवा असायचा. नाना खुर्चीतून उठायचे, बारका स्क्रूड्रायव्हर मागून घ्यायचे, मशीन रेस करायचे, डोळे मिटायचे आणि कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायचे. माणसं देवळात उभी असल्यासारखी उभी राहायची. मग शर्मिला म्हणायची, “थांबा, जरा चेन ताणून देते,” आणि मशीन आत नेऊन, गिऱ्हाइकाकडे पाठ करून, नानांनी लावलेलं सगळं गुपचूप पुन्हा जागेवर आणायची. गिऱ्हाईक जाताना नानांच्या पाया पडायचं. नाना म्हणायचे, होऊन जाईल. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि ती मूग गिळून गप्प बसली होती.

श्यामचं कटर तिने मन लावून बांधलं. नवीन पिस्टन, सिलिंडर, ऑइल सील, पेट्रोलची नळी. कार्बोरेटर उघडून आतला कडक झालेला पडदा बदलला. चेनचा एकेक दात कानशीने घासून सारखा केला. दोरीच्या पहिल्या ओढीत मशीन पेटलं, तेव्हा भर दुपार होती आणि वरच्या गॅलरीत दत्तप्रसाद खळदकर नावाचे सेवानिवृत्त गृहस्थ प्रकट झाले.

“शर्मिलाताई, आमच्याकडे दुपारी झोपायची पद्धत आहे. आपल्याकडे नसेल तर तसं कळवा, आम्ही बंद करू.”

“पाच मिनिटं, काका.”

“सावकाश होऊ द्या. झोप गेलीच आहे, आता चहा टाकतो.”

तिने रेस वाढवली. वरच्या टोकाला आवाज जरा फुटत होता, फडफडत होता. तिला हवा तसाच. श्यामचा चेहरा पडला.

“ताई, हे तर मिसिंग मारतंय.”

“मिसिंग नाही ते. नवीन पिस्टन आहे, सिलिंडरमध्ये घासून अजून बसायचाय. म्हणून पेट्रोल जरा जास्त सोडलंय. पेट्रोलबरोबरच ऑइल जातं आत. हवेत फडफडेल, लाकडात घातलं की ताण येईल आणि फडफड आपोआप जाईल. पहिल्या चार-पाच टाक्या असंच चालवायचं. फुल रेस धरून ठेवायची नाही. थोडं कापा, दम द्या, पुन्हा कापा. मग आणा माझ्याकडे, मी स्क्रू थोडा बंद करून देते. त्याच्या आधी कुणाचा हात लागू द्यायचा नाही ह्याला. कळलं?”

श्यामने मान हलवली आणि खुर्चीकडे पाहिलं. “मिस्त्री एकदा बघतील ना?”

“उद्या सकाळी घेऊन जा,” शर्मिला दात आवळून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती रविवार पेठेत प्लग आणायला गेली आणि श्याम लवकर आला. तिला परतायला उशीर झाला. येऊन बघते तर फळीवर कटर नाही आणि नाना फडक्याने हात पुसत बसलेले. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान.

“कटर कुठेय?”

नानांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. “दिलं. मिसिंग होतं. काढून टाकलं.”

“काय केलंत? किती फिरवलात स्क्रू?”

“होऊन जाईल,” नाना म्हणाले.

वरून खळदकर म्हणाले, “आपले तीर्थरूप आज फार रंगात होते. तो मनुष्य साष्टांग घालायचा बाकी होता. मशीन मात्र शेवटी शेवटी शिट्टी घालत होतं हो. माझ्या कानात अजून वाजतेय.”

शिट्टी म्हटल्यावर तिला सगळं कळलं. नानांना फडफड ऐकू येत होती, कारण ती जाड असते. ती जाईपर्यंत ते स्क्रू आवळत गेले असणार. त्याच्या पुढे इंजिन किंचाळायला लागतं, पण ती किंचाळी नानांसाठी नव्हतीच. म्हणजे पेट्रोल कमी, ऑइल कमी, आणि न बसलेला पिस्टन. आणि रेस सोडल्यावरचा हळू आवाजही त्यांना ऐकू यायचा नाही, म्हणून तो वाढवून ठेवायची त्यांची सवय. तो असा वाढवला की ट्रिगर सोडला तरी चेन थांबत नाही. फिरत राहते. आणि श्याम झाडावर दोरीने बांधून घेऊन कापतो.

तिने फोन लावला. श्यामने उचलला नाही. पुन्हा लावला. मग तिने फडकं नानांच्या पायाशी आपटलं, पाना आणि स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकून स्कूटर काढली. नाना मागून काहीतरी विचारत होते. तिने वळून पाहिलं नाही. बघितलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं, तिचं तिलाच माहीत नव्हतं.

स्वारगेटच्या सिग्नलला ती मनातल्या मनात नानांशी भांडत होती. घ्या, आणखी भाव खा. कानाने गाडी ओळखतात म्हणे. पोटची पोरगी समोर उभी राहून बोलते ते ओळखता येत नाही, लुना ओळखतात. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा तिला कळलं की सिग्नल सुटलाय.

सोसायटी श्यामने बोलता बोलता सांगितली होती. गेटमधूनच तिने आवाज ऐकला आणि खात्री पटली. कटर किंचाळत होतं. पार्किंगवर वाळलेला गुलमोहर होता आणि श्याम दोन मजले वर, कमरेला दोरी बांधून, एका हाताने फांदी धरून कापत होता. खाली दुसरी दोरी धरून त्याचा माणूस महिपती उभा होता. बाजूला सोसायटीची चार माणसं, झाड पडताना बघायला मिळतं म्हणून आलेली.

“खाली उतरवा त्याला,” शर्मिला म्हणाली.

“काम चालूय बाई. लांब हुबं ऱ्हावा,” महिपती म्हणाला.

फांदी पडली. श्यामने ट्रिगर सोडला आणि कटर मांडीशी नेलं. खालून शर्मिलाला स्पष्ट दिसत होतं, चेन फिरत होती. चेनच्या आणि कमरेच्या दोरीच्या मध्ये वीतभर जागा होती. तिने अशी हाक मारली की पहिल्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

श्यामने खाली बघितलं, वैतागून मशीन बंद केलं, दोरीला बांधून खाली सोडलं आणि मागोमाग स्वतः उतरला. “काय झालं ताई? अर्धं काम टाकून उतारलो मी.”

“ट्रिगर सोडल्यावर चेन फिरत होती. दिसलं नाही तुम्हाला?”

“थोडी फिरती. बसंल हळूहळू.”

“बसणार नाही. हात कापेल, नाहीतर दोरी. आणि पिस्टन आज दुपारपर्यंत जाम होईल. द्या इकडं, मी लावून देते.”

श्यामने मशीन दोन्ही हातांनी धरून ठेवलं. “न्हाय ताई. मिस्त्रींनी सोता लावलंय. काय पळतंय म्हनून सांगू. तुमच्याकडं मिसिंग मारत हुतं, त्यांनी दोन मिनटात काढलं. आता तुमी परत हात लावनार आन् परत बिघडनार. त्यांचा कान चुकत न्हाय, आख्ख्या पुण्याला म्हाइतीय.”

तिला वाटलं, पिशवीतला पाना ह्याच्या डोक्यात घालावा. खरंच वाटलं. आयुष्य ह्या एका वाक्याने खाल्लं होतं तिचं. कान चुकत नाही. तो चुकू नये म्हणून रोज पाठ करून उभी राहत होती ती, आणि आता तीच बिघडवणारी झाली होती.

“त्यांना ऐकू येत नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“नानांना ऐकू येत नाही. कान गेलेत त्यांचे. तुम्ही बोलता ते थोडंफार कळतं, मी बोलते ते तेवढंही नाही. ह्या मशीनची शिट्टी त्यांना ऐकूच गेलेली नाही. फडफड बंद झाली एवढंच कळलं. समजलं आता? धोंडूमिस्त्री बहिरे आहेत.”

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण केवढ्याने बोललो. सोसायटीची माणसं झाडाकडे बघायची सोडून तिच्याकडे बघत होती. महिपतीने दोरी खाली ठेवली.

श्यामने हातातलं मशीन उलटून पाहिलं. मग म्हणाला, “मग आमच्या धंद्यातली समदी सांगत्यात ती मशीनं? मिस्त्रींनी लावल्याली?”

“मी लावलेली. त्यांचा हात लागून झाला की आत नेऊन.”

“कवापास्नं?”

“बरीच वर्षं.”

“आन् सांगितलं न्हाय कुनाला.”

तिने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

“मी वर चढतो, ताई,” श्याम म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. “दोरीवर लोंबकळून काम करतो मी. घरी बायको हाय, लेकरं हायत. तुमच्या बापाची इज्जत ऱ्हावी म्हनून मी काय हात तोडून घ्यायचा व्हय?”

तिने हात पुढे केला, ह्या वेळी त्याने मशीन दिलं. तिथेच, गुलमोहराच्या पडलेल्या फांद्यांत बसून तिने तिन्ही स्क्रू पुन्हा लावले. मशीन पेटवलं, ट्रिगर सोडून चेन थांबते का ते त्याला दाखवलं. जाड फांदीत घातलं, फडफड गेली. बाहेर काढलं, परत आली. “हे असं,” ती म्हणाली. श्यामने मान हलवली. थँक्यू म्हणाला नाही आणि तीही ते ऐकायला थांबली नाही.

झाडं कापणारी माणसं दिवसभर उंचावर असतात, पण त्यांच्या बातम्या जमिनीवर भराभर पसरतात. पुढच्या काही दिवसांत शर्मिलाला दुकानात बदल जाणवायला लागला. येणारा माणूस मशीन सरळ तिच्यासमोर ठेवायचा. कुणीकुणी नानांच्या जवळ वाकून, शब्द तोडून तोडून, मोठ्याने म्हणायचा, “कसं काय मिस्त्री, बरं आहे ना?” नाना आधी नुसते बघायचे. एकदा म्हणाले, “अंगावर कशाला ओरडतोस?” खळदकरांनीसुद्धा वरून टोमणे मारायचं बंद केलं, हे तर फारच वाईट लक्षण होतं.

हेच हवं होतं ना तुला, शर्मिला स्वतःला विचारायची. हवं होतं. पण असं नको होतं. आणि कसं हवं होतं ते तिला सांगता येत नव्हतं, म्हणून ती आणखी चिडायची, आणि घरी जाऊन पोरांवर खेकसायची.

पाचवी टाकी संपवून श्याम कटर घेऊन आला. “ताई, बसलंय आता मशीन. बघा,” असं तिलाच म्हणाला. तिने प्लग काढून पाहिला, चांगला तांबूस झाला होता. मशीन रेस करून स्क्रू किंचित बंद केला. आवाज भरला, साफ झाला. तिने बांधलेल्या मशीनांतलं हे एक चांगलं मशीन होतं.

नाना खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, नेहमीसारखे. फळीवरचा बारका स्क्रूड्रायव्हर त्यांनी उचलला आणि दुसरा हात मशीनसाठी पुढे केला.

श्यामने मशीन मागे ओढलं. मुद्दाम नव्हे. रस्त्यात कुत्रं अंगावर आलं की पोराला जसं मागे घेतात, तेवढंच. पण ओढलं.

नानांचे डोळे चांगले होते. त्यांनी श्यामच्या हाताकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. “का रे?”

“काय न्हाय नाना. ऱ्हाऊ द्या. ताईंनी केलंय,” श्याम मोठ्याने म्हणाला, आणि मोठ्याने बोलल्याचं लक्षात येऊन खाली बघायला लागला.

नाना शर्मिलाकडे वळले. “तू सांगितलंस?”

‘नाही’ म्हणता आलं असतं. इतकी वर्षं ती तेच म्हणत आली होती, न बोलता. “हो,” ती म्हणाली. त्यांना ओठ दिसावेत म्हणून समोर उभी राहून म्हणाली. “मी सांगितलं. तुम्ही लावलेल्या मशीनने माणूस मेला असता. किती वेळा डॉक्टरकडे चला म्हटलं, तेव्हा तरी ऐकायचं होतंत. माझं कधी ऐकलंत तुम्ही?”

त्यातलं किती त्यांना कळलं कोण जाणे. ते खुर्चीत बसले. स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला. श्यामने मशीन उचललं आणि तो गेला. पाया पडायला वाकावं की वाकू नये हे न कळून उंबऱ्याशी जरा अडखळला, तेवढंच.

ती फळी पुसत होती, पुसलेली फळी परत पुसत होती. तिला वाटत होतं, नानांनी ओरडावं. ओरडले असते तर तिच्याकडे उत्तरं तयार होती, वर्षानुवर्षांची.

एक नवखा माणूस बोळात शिरला. हातात गवत कापायचं मशीन, कपाळावर घाम. पाटी वाचून तो खुर्चीपाशी थांबला, शर्मिलाकडे त्याचं लक्षही गेलं नाही. जाड, खणखणीत आवाजात म्हणाला, “धोंडूमिस्त्री आपणच ना? फार नाव ऐकलंय.”

नानांना ते ऐकू आलं. त्यांनी मान वर केली. शर्मिला ‘होऊन जाईल’ची वाट बघत राहिली.

“मिस्त्री ती,” नाना म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हरने तिच्याकडे बोट केल्यासारखं केलं. “सगळी मशीनं तीच करते. आधीपासून तीच करते. मला ऐकू येत नाही.”

त्यातली पहिली वाक्यं ऐकायला शर्मिला अर्धं आयुष्य थांबली होती. शेवटच्या वाक्याशिवाय ती मिळायची नव्हती, हे तिला ठाऊक असतं तर ती थांबली असती का, कोण जाणे. राग होता तिथेच होता, फक्त आता तो कुणाच्या अंगावर घालायचा हे तिला कळेना.

माणूस गोंधळला. मग मशीन घेऊन तिच्यासमोर आला आणि काय होतंय ते सांगायला लागला. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, पण एक शब्द तिच्या डोक्यात शिरला नाही. “पुन्हा सांगा,” ती म्हणाली.

त्या माणसाने एकदा नानांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तो दुसऱ्यांदा जरा मोठ्याने बोलला.